जुन्या पासपोर्टात व्हिसा चालू असताना नवा पासपोर्ट काढायचा, तर

पासपोर्टची मुदत वर्षभरात संपतेय आणि परदेशात राहण्याचा परवाना मात्र त्यानंतरही चालणार आहे, अशा माणसाला नवी पुस्तिका मिळवणं फारसं अवघड नसतं. पासपोर्ट सेवा केंद्रावरचं काम नागपुरात बहुतेकांचं एका सकाळीत उरकतं. अडकतं ते पुढे. नव्या पुस्तिकेवरचं नाव व्हिसावरच्या नावाशी जुळत नाही, परतीचं तिकीट आधीच काढून ठेवलेलं असतं, नाहीतर नवा नंबर त्या देशाला कळवायचा राहून जातो. म्हणून इथे अर्जाबद्दल मोजकं आणि व्हिसाबद्दल जास्त लिहिलं आहे.

अर्ज कधी करायचा

मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. व्हिसावर राहणाऱ्याने बारा ते नऊ महिने शिल्लक असतानाच करावा. अनेक देश प्रवेशाच्या वेळी पासपोर्टची सहा महिने मुदत शिल्लक मागतात, त्यामुळे 'अजून पाच महिने आहेत' म्हणजे व्यवहारात संपल्यातच जमा. दुसरं कारण लोकांच्या लक्षात उशिरा येतं. राहण्याचा किंवा कामाचा परवाना पुष्कळ ठिकाणी पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देतच नाहीत. कॅनडाचं वर्क परमिट, जर्मनीचं निवासकार्ड दोन्हींना हा नियम लागतो. कंपनीचं पत्र तीन वर्षांचं आणि पासपोर्ट चौदा महिन्यांचा असेल, तर हातात चौदा महिन्यांचाच परवाना पडतो आणि पुन्हा फी भरून मुदतवाढ घ्यावी लागते.

अमेरिकेत हीच गोष्ट जास्त महागात पडते. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या मंजुरीचा कागद २०२८ पर्यंतचा असला, तरी विमानतळावरचा अधिकारी आय-९४ ची, म्हणजे देशात कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीची, तारीख पासपोर्टच्या मुदतीइतकीच देऊ शकतो, आणि तसं सर्रास होतं. तिथे कायदेशीर राहण्याची मुदत आय-९४ वरून ठरते, व्हिसाच्या चिकटपट्टीवरून नव्हे. पुढे नवा पासपोर्ट काढला म्हणून ती तारीख आपोआप वाढत नाही. ती वाढवायला एकदा देशाबाहेर जाऊन नव्या पासपोर्टवर परत यावं लागतं, किंवा जुनी तारीख उलटण्याआधी कंपनीच्या वकिलाकडून मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो. प्रत्येक प्रवेशानंतर आय-९४ डाउनलोड करून तारीख वाचायची सवय ठेवा. घरातल्या प्रत्येकाची वेगळी वाचा. मुलांचे पासपोर्ट बहुधा पाच वर्षांचेच असल्याने त्यांची तारीख आई-वडिलांच्या आधी संपलेली असते आणि ती नेमकी कुणी पाहिलेली नसते.

नागपुरात की तिकडे?

दोन्हीकडे करता येतं. परदेशात भारतीय दूतावासाच्या पोर्टलवर अर्ज भरून देशानुसार व्हीएफएस किंवा बीएलएससारख्या खासगी कंपनीच्या केंद्रावर कागद द्यायचे. तिथला पत्ता आणि तिथे कायदेशीर राहत असल्याचा पुरावा लागतो. सुट्टीवर नागपूरला आलेल्या माणसालाही इथल्या पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज करता येतो. फी इथे कमी आहे: ३६ पानांच्या पुस्तिकेला १५०० रुपये, ६० पानांच्या पुस्तिकेला २०००, तत्काळसाठी त्यावर आणखी २००० रुपये. सतत प्रवास असेल तर पाचशे रुपये जास्त देऊन ६० पानांचीच घ्या. पानं भरली म्हणून मुदतीआधीच पुन्हा हीच खटपट करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

फी कमी म्हणून मात्र नागपूर निवडू नका. सुट्टी किती आहे ते मोजा. इथे केंद्रावर फाइल पुढे गेली की जुना पासपोर्ट त्याच दिवशी रद्दचा शिक्का मारून परत देतात. त्या क्षणापासून नवी पुस्तिका टपालाने घरी येईपर्यंत तुमच्याकडे प्रवासाचा वैध कागद नसतो. नागपुरातल्या घराची किल्ली हातात आहे, पण देशाबाहेर पडता येत नाही, अशी ती अवस्था. आमचा हिशेब असा: सुट्टी पाच-सहा आठवड्यांची असेल तर साधा अर्ज, तीन-चार आठवड्यांची असेल तर तत्काळ, आणि त्याहून कमी असेल तर तिकडेच दूतावासातून करा. परतीची तारीख बदलता येईल असंच तिकीट काढा.

तिकडून करायचं ठरवलं तर मूळ पासपोर्ट प्रक्रिया चालू असताना तुमच्याकडे राहतो की जमा करावा लागतो, हे केंद्राला आधी विचारा. प्रत्येक देशात पद्धत वेगळी आहे. अर्ज अडकला असताना घरी काही झालं, तर दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, पण त्यावर फक्त भारतात येता येतं. परत जायला पासपोर्टच लागतो. तिकडच्या अर्जासाठी फोटोंचे नियम आता कडक झाले आहेत: पांढरी पार्श्वभूमी, चेहरा चौकटीच्या ८० ते ८५ टक्के, मूळ फाइल ६३० बाय ८१० पिक्सेलची. मोबाइलवर भिंतीपुढे काढलेला फोटो परत येतो. स्टुडिओत जा.

एक प्रसंग असा की नूतनीकरण करूच नये. जर्मनी, फ्रान्स यांसारख्या देशाचा दीर्घ मुदतीचा डी व्हिसा नुकताच लागला आहे आणि पहिला प्रवेश व्हायचा आहे, तेव्हा पासपोर्टला हात लावू नका. आधी जा, निवासकार्ड हातात घ्या, मग तिथल्या दूतावासातून नवा काढा. व्हिसाच नवा घ्यायचा असेल तर क्रम उलटा: आधी पासपोर्ट, मग व्हिसाचा अर्ज. अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-१६० या ऑनलाइन अर्जात जुना नंबर भरून, मधेच पासपोर्ट बदलून मुंबई किंवा हैदराबादच्या मुलाखतीला गेलात तर नंबर जुळवण्यातच वेळ जातो. परदेशासाठी पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट हवं असेल तर तेही नव्या पासपोर्टवरच काढा. त्यावर नंबर छापलेला असतो.

नाव: एक अक्षरही हलवू नका

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि तो आपल्याकडच्या नावांच्या पद्धतीमुळे होतो. मराठी माणसाच्या जुन्या पासपोर्टात 'गिव्हन नेम' या रकान्यात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. व्हिसाही त्याच नावावर लागलेला असतो. नव्या अर्जात घाईने फक्त स्वतःचं नाव भरलं, तर पासपोर्ट कार्यालयाच्या दृष्टीने तो नावातला बदल झाला. अर्जाचा प्रकार बदलतो, कागद वाढतात, आणि तसाच पासपोर्ट छापून आला तर विमान कंपनीच्या काउंटरवर व्हिसावर तीन शब्द आणि पासपोर्टवर दोन, असं चित्र दिसतं.

म्हणून जुनी पुस्तिका उघडी ठेवून अर्ज भरा. रकाने तेच, स्पेलिंग तेच, जन्मगावही जसं छापलंय तसंच. आधार कार्डावरचं नाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेलं असेल तर अपॉइंटमेंटच्या आधी आधार दुरुस्त करून घ्या. उलटं, आधारला जुळावं म्हणून पासपोर्टचं नाव बदलायला जाऊ नका.

लग्नानंतर आडनाव बदलायचं असेल तर हा मुहूर्त टाळा. जोडीदाराचं नाव नोंदवणं ही वेगळी गोष्ट आहे, तिने तुमचं नाव बदलत नाही. ती नोंद अवलंबित व्हिसासाठी उपयोगी पडते, जरूर करा. आडनाव मात्र चालू व्हिसावर बदललंत तर अमेरिकेच्या व्हिसासाठी लग्नाचं प्रमाणपत्र दोन्ही पुस्तिकांसोबत बाळगावं लागतं, आणि ब्रिटन किंवा आखाती देशांत नोंद बदलून घेतल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही.

अर्ज आणि केंद्रावरचा दिवस

सरकारी संकेतस्थळ एकच: पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन, आणि अ‍ॅप एमपासपोर्ट सेवा. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या, तशाच रंगसंगतीच्या खासगी साइट जादा पैसे घेतात आणि तुमचाच अर्ज भरून देतात. 'री-इश्यू' निवडा, कारण म्हणून मुदत संपत आल्याचं किंवा पानं संपल्याचं. दोन्ही खरं असेल तरी एकच पुरे.

पत्त्याच्या रकान्यात लोक चाचरतात. परदेशात राहतो हे लपवण्यासारखं काहीच नाही. सध्या नागपुरात ज्या घरी उतरला आहात तो पत्ता, त्याच पत्त्याचा पुरावा आणि बाकी प्रश्नांना खरी उत्तरं. आधार त्या घराच्या पत्त्यावर असेल तर काम सोपं होतं. आई-वडिलांनी मधल्या काळात त्रिमूर्तीनगरचं घर विकून मनीषनगरला फ्लॅट घेतला असेल आणि आधार जुन्याच घरावर असेल, तर आधी आधारचा पत्ता बदला. हे काम भारतात उतरल्यावर पहिल्या दिवशीच हातात घ्या.

नागपूरचं केंद्र भरलेलं दिसलं तर वर्धा, चंद्रपूरच्या पोस्ट ऑफिसातल्या पासपोर्ट केंद्रांचे स्लॉटही पाहा. जून २०१८ पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो. मात्र पोलिस पडताळणी अर्जातल्या पत्त्यावरच होते आणि पासपोर्टही तिथेच येतो.

सोबत मूळ जुना पासपोर्ट, त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांची स्वसाक्षांकित झेरॉक्स, शेऱ्याचं (ऑब्झर्वेशन) पान असेल तर त्याची आणि पत्त्याचा पुरावा. व्हिसाच्या पानाची आणि निवासकार्डाची झेरॉक्स कुणी मागितली नाही तरी न्या. फोटो तिथेच काढतात. पार्श्वभूमी पांढरी असते, तेव्हा पांढरा शर्ट घालून जाऊ नका. बोटांचे ठसेही घेतात. मेंदी गडद असेल तर ठसे नीट उठत नाहीत, आणि सुट्टीत लग्नाला आलेल्या बायकांचं घोडं नेमकं इथे अडतं. लग्न आधी असेल तर अपॉइंटमेंट आठवड्याने पुढे घ्या.

आत तीन टप्पे. ए काउंटरवर कागद स्कॅन होतात, फोटो आणि ठसे होतात, आणि पडद्यावर तुमचा सगळा तपशील दाखवतात. हा पडदा घाईत पाहू नका. छापील चूक इथे फुकट दुरुस्त होते. पुस्तिका छापून आल्यावर तीच चूक म्हणजे नवा अर्ज. बी काउंटरवर कागदांची तपासणी. सी काउंटरवर मंजुरी देणारे अधिकारी. जुन्या पासपोर्टात चालू व्हिसा आहे हे स्वतःहून, स्पष्ट सांगा आणि ते पान उघडून दाखवा. रद्द करताना कव्हरचा कोपरा कापतात. त्यात व्हिसाचं पान कापलं जाऊ नये आणि शिक्का व्हिसावर पडू नये, एवढीच विनंती करायची. अधिकारी ती मान्य करतात, कारण व्हिसावाले अर्जदार त्यांना नवे नाहीत.

पोलिस आणि पोस्ट

नूतनीकरणात पडताळणी लागेल की नाही हे पासपोर्ट कार्यालय ठरवतं. काहींना लागतच नाही, काहींची पासपोर्ट मिळाल्यानंतर होते. तत्काळमध्ये पडताळणीच्या अहवालाची वाट न पाहता, अर्ज मंजूर झाला तो दिवस सोडून तिसऱ्या कामाच्या दिवशी पासपोर्ट रवाना करण्याचा नियम आहे. तोच अर्ज पडताळणीची गरज नसलेला असेल तर एका कामाच्या दिवसात.

पडताळणी नंतर होणार असेल तर ती झाल्याशिवाय परत जाऊ नका. हवालदार घरी आला आणि म्हाताऱ्या आई-बाबांनी 'तो तर गेला परत' सांगितलं, की अहवालात अर्जदार पत्त्यावर आढळला नाही अशी नोंद होते, मग पासपोर्ट कार्यालयाची नोटीस येते आणि तिला परदेशातून उत्तर देत बसावं लागतं. घरच्यांना साधं वाक्य सांगून ठेवा: 'परदेशात नोकरीला आहे, सध्या सुट्टीवर घरी आहे.' 'इथेच राहतो' असं खोटं सांगायला लावू नका, कारण पासपोर्टवरचे इमिग्रेशनचे शिक्के दुसरंच बोलत असतात. फोन नंबर भारतातला, चालू असलेला द्या. परदेशातल्या नंबरवर पोलिस ठाण्यातून फोन येत नाही.

नागपूरची दोन गणितं बाहेरच्या माणसाला कळत नाहीत. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं आणि शहर पोलिस बंदोबस्तात गुंतलेले असतात. परदेशातली मंडळी नेमकी तेव्हाच नाताळच्या सुट्टीत येतात. दसऱ्याला दीक्षाभूमीवरच्या गर्दीच्या दिवसांतही तेच. या दोन्ही वेळी आठवडाभर जास्त धरा.

पासपोर्ट स्पीड पोस्टने येतो आणि ओळखपत्र पाहून अर्जदारालाच देतात. घर बंद असेल तर फेरी मारून पाकीट पोस्ट ऑफिसात परत जातं, आणि तिथूनही कुणी नेलं नाही तर पासपोर्ट कार्यालयात. एसएमएसमधला ट्रॅकिंग नंबर रोज पाहा. पाकीट तुमच्या भागातल्या पोस्टात आलेलं दिसलं की आधार घेऊन स्वतः जा. पोस्टमनची वाट पाहत अख्खा दिवस दारात बसण्यापेक्षा हे बरं.

पुस्तिका हातात पडल्यावर पाकीट फेकायच्या आधी तीन गोष्टी वाचा: नाव आणि जन्मतारीख, शेवटच्या पानावर जुन्या पासपोर्टचा नंबर आणि तो कुठे, कधी मिळाला ती नोंद, आणि वैधतेची तारीख. जुन्या नंबरची ती ओळ दोन्ही पुस्तिका एकाच माणसाच्या आहेत याचा पुरावा असते. आता येतो तो ई-पासपोर्ट, कव्हरवर खालच्या बाजूला छोटं सोनेरी चिन्ह असलेला. २०२४ मध्ये तो ज्या शहरांत आधी सुरू झाला त्यांत नागपूर होतं. आत चिप आणि अँटेना आहे, तेव्हा वाकवू नका, पिन मारू नका आणि जुन्या पुस्तिकेला स्टेपलरने जोडू नका. ती जोडायची जुनी सवय अजून अनेक एजंटांना आहे.

आता त्या देशाला कळवा

ज्या देशांचा व्हिसा कागदावर चिकटवलेला असतो, तिथे जुनी पुस्तिका हाच व्हिसा. अमेरिका आणि कॅनडाचा चालू व्हिसा रद्द झालेल्या पासपोर्टातही चालतो. दोन्ही पुस्तिका सोबत न्यायच्या, व्हिसा फाटलेला किंवा भिजलेला नसावा, आणि तो काढून नव्या पुस्तिकेत चिकटवण्याचा उद्योग कधीही करू नये. तसा काढलेला व्हिसा बाद होतो.

ज्या देशांचा व्हिसा संगणकात असतो, तिथे जुनी पुस्तिका नेऊन काही उपयोग नाही, नंबर बदलावा लागतो. ब्रिटनचा ई-व्हिसा असेल तर यूकेव्हीआय, म्हणजे तिथल्या व्हिसा विभागाच्या, खात्यात नवा पासपोर्ट जोडा. ऑस्ट्रेलियासाठी इमीअकाउंट या ऑनलाइन खात्यात पासपोर्टचा तपशील बदला आणि वेव्हो या व्हिसा तपासायच्या सरकारी सेवेवर नव्या नंबराने व्हिसा दिसतो का ते तपासा. दोन्हीकडे विमान कंपनीच्या यंत्रणेला नवा नंबर सापडला नाही तर बोर्डिंग पास मिळत नाही, आणि काउंटरवरच्या मुलीशी वाद घालून ते सुटत नाही. हे काम पासपोर्ट हातात पडला त्याच दिवशी करा, विमानाच्या आदल्या रात्री नव्हे.

अमिरातीत २०२२ पासून पासपोर्टातली निवासाची चिकटपट्टी बंद झाली, एमिरेट्स आयडीच निवासाचा पुरावा. नव्या पासपोर्टची नोंद सरकारी पोर्टलवर करावी लागते, बहुधा कंपनीचा पीआरओ (सरकारी कामं पाहणारा माणूस) करतो. सौदीत इकाम्याशी, म्हणजे निवास परवान्याशी, जोडलेली पासपोर्टची माहिती बदलून घ्यायला कफीलाकडे म्हणजे कंपनीकडे तगादा लावा. जर्मनीत गेल्यावर परदेशी नागरिक कार्यालयाला कळवायचं, आणि कार्डाची मुदत जुन्या पासपोर्टमुळे कापलेली असेल तर तेव्हाच नवं मागायचं. अपॉइंटमेंटला तिथे वेळ लागतो, तोवर जुना पासपोर्ट, नवा पासपोर्ट आणि कार्ड तिन्ही बाळगा.

नागपुरात पासपोर्टची वाट पाहताना एक घड्याळ तिकडे चालू असतं, ते विसरू नका. अमिरातीबाहेर सलग सहा महिने राहिलं तर साधा निवास परवाना बाद होतो. जर्मनीतही बहुतेक परवान्यांना सहा महिन्यांची मर्यादा आहे, ब्लू कार्ड या उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्याला बारा महिन्यांची.

मुलांचा पासपोर्ट

अठरा वर्षांखालच्या मुलांची फी १००० रुपये, आणि दोन्ही पालकांची संमती अ‍ॅनेक्शर डी या ठरावीक नमुन्यात. एक पालक तिकडेच राहिला आणि दुसरा मुलाला घेऊन नागपूरला आला, की इथे फाइल थांबते. परदेशातल्या पालकाचं प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय दूतावासाकडून साक्षांकित करून आणायचं. निघण्याआधी करा, नंतर कुरियरची वाट पाहण्यात सुट्टी संपते. चार वर्षांखालच्या बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो सोबत न्या, ४.५ बाय ३.५ सेंटिमीटर.

परतीच्या दिवशी

तिकिटात जुना नंबर असेल तर विमान कंपनीच्या साइटवर नवा भरा. रद्द झालेली पुस्तिका हातातल्या बॅगेत, नव्यासोबत. ती सूटकेसमध्ये गेली आणि सूटकेस सोनेगावच्या विमानतळावरच शेवटच्या मुक्कामापर्यंत चेक-इन झाली, तर मुंबई-दिल्लीच्या इमिग्रेशनसमोर व्हिसा दाखवायला काही उरत नाही. नागपूर-मुंबई आणि पुढचं विमान वेगवेगळ्या पीएनआरवर, म्हणजे वेगळ्या बुकिंगवर, असेल तर कागद मुंबईला पुन्हा पहिल्यापासून तपासतात, तिथे तीन तास तरी मोकळे ठेवा. बँकेच्या एनआरई आणि एनआरओ या अनिवासी भारतीयांच्या खात्यांचं केवायसी नव्या पासपोर्टने करायचं असतं. शाखा नागपुरातली असेल तर निघायच्या आदल्या दिवशी दोन्ही पुस्तिका आणि व्हिसाची झेरॉक्स घेऊन तेही उरकून टाका, कारण तिकडून ते कागद साक्षांकित करून पाठवावे लागतात.